मागचं फाटक

धाकट्याने कानाखाली जाळ काढला, आणि तपासनिसाला सगळ्यात आधी ऐकू आली ती टेबलावर आडवी पडून गरगरणारी बाटली. दुखणं मागाहून आलं, सावकाश. त्याच्याआधी आली ती ऊब. डाव्या गालावर, कानाच्या पाळीपर्यंत, चांगली ऊब. आणि तिच्या पाठोपाठ हा खुळा विचार की आपल्याला आजवर कुणी मारलेलं नाही. बासष्ट वर्षं झाली. बापाने नाही, मास्तरांनी नाही, रस्त्यावरच्या कुणा टग्याने नाही. नाकासमोर चालणारा माणूस; त्याच्यावर हात उचलायचं कुणाला कधी कारणच पडलं नव्हतं. समोर धाकटा भाऊ उभा होता. कोपरापर्यंत निळेकाळे हात, सदऱ्याची एक बाही उसवलेली, छाती भात्यासारखी वरखाली होत असलेली, कारण शहर कचेरीचे तीन जिने तो पळत चढला होता. खोलीत मंडळाचे बाकीचे सहा सभासद होते, कचेरीतला साहेब होता, टेबलावर या महिन्याच्या सात बाटल्या रांगेने मांडलेल्या होत्या, आणि कुणी जागचं हललं नाही. धाकट्याने एकच गोष्ट विचारली, तीही हळू आवाजात, घरात विचारावी तशी.

"दादा, चिठ्ठीवर फाटक का लिहिलंस?"

आता कुणीही शहाणा माणूस इथे गप्प बसला असता. चुकलं म्हणाला असता, खाली बैस म्हणाला असता, निदान मान खाली घातली असती. तपासनीस म्हणाला, "खरं होतं म्हणून लिहिलं." मग मात्र धाकट्याने त्याची मानगूट धरली आणि डोकं टेबलावर आपटलं. एकदा, आणि परत एकदा. बाटल्या खाली गेल्या, काचांचा खच पडला, सात गटारांचं पाणी एक होऊन साहेबाच्या बुटांखाली पसरलं आणि साहेब पाय उचलून खुर्चीवर चढला. नाकातून रक्त आलं ते टेबलावरच्या अहवालावर सांडलं. वरचा एक दात जिभेला परक्याचा लागायला लागला. तिसऱ्यांदा डोकं वर खेचलं गेलं तेव्हा तपासनिसाला भावाचा वास आला, उकळत्या रंगाचा, गंजक्या लोखंडाचा, घामाचा, चाळीस वर्षांपूर्वीच्या घराचा. आणि खरं सांगायचं तर त्या क्षणी त्याला वाटलं, असाच धरून ठेव. तेवढ्यात खालून पहारेकरी आले आणि धाकट्याला चौघांनी मिळून ओढत नेलं. जिन्यावरून त्याच्या टाचा आपटल्याचा आवाज बराच वेळ येत राहिला.

हे मंडळ म्हणजे काय प्रकरण होतं ते सांगून टाकतो, नाहीतर एवढ्या मारामारीचं कारण कळायचं नाही. नाव लांबलचक, शाश्वत शहर नागरिक सल्लागार मंडळ. सात नागरिक, सगळे बिनपगारी, महिन्यातून एकदा कचेरीच्या वरच्या मजल्यावर जुन्या दप्तरांच्या खोलीत बसायचे. काम एकच, शहराच्या कारभाराला जरा शहाणपण शिकवायचं. लोकांना पाणी जपून वापरा म्हणून सांगायच्या आधी कचेरीने आपल्या बागेला पिण्याचं पाणी घालणं थांबवावं. कचेरीच्या उपाहारगृहातला ओला कचरा वेगळा निघावा. कचेरीच्या गच्चीवर दिवसभर फुकट ऊन पडतं, त्याची वीज करावी. यातल्या दोन गोष्टी झाल्या, म्हणजे बाग सांडपाण्यावर आली आणि गच्चीवर चार निळ्या फळ्या चढल्या, आणि मंडळाला आपण काहीतरी केलं असं वाटलं. बाकीच्या शिफारशींवर साहेब 'साभार नोंद घेतली' असा शिक्का मारायचा आणि केराची टोपली दाखवायचा. पण अध्यक्षबाई हटणाऱ्यातल्या नव्हत्या. निवृत्त मुख्याध्यापिका, साहेबाला वर्गातल्या पोरासारखं उभं करून विचारायच्या, मागच्या महिन्याचं काय झालं. तपासनीस पाणी खात्याच्या प्रयोगशाळेत चौतीस वर्षं काढून निवृत्त झालेला. घरी बसून बायकोच्या डाळ-तांदळाच्या डब्यांवर तारखा लिहायला लागला होता, तेव्हा तिनेच त्याला या मंडळात ढकललं. तिथे त्याने पद्धत घालून दिली: आधी मोजायचं, मग बोलायचं. प्रत्येकाने महिन्यातून एकदा आपल्या भागातल्या गटाराचं पाणी एक बाटली भरून आणायचं, सातही बाटल्या टेबलावर मांडायच्या, आणि त्या सगळ्यांनी नाकाला लावून बघितल्याशिवाय कागदावर एक ओळ लिहायची नाही. बाईंनी त्याला एक नियम जोडला. बाटलीवर नुसता आकडा. ठिकाण फक्त बाईंच्या वहीत, कुलपात. "आपण सल्ला देतो," त्या म्हणाल्या होत्या. "शिक्षा देणारे दुसरे आहेत. त्यांच्या हातात आयतं काही द्यायचं नाही." सगळ्यांनी हात वर केले. पहिला हात तपासनिसाचा होता.

आणि त्याच तपासनिसाने मागच्या महिन्यात चौथ्या बाटलीवर चिठ्ठी चिकटवली. बारीक, गोल, सुबक अक्षरात: रंगाचा कारखाना, मागचं फाटक, सकाळी सव्वासात, रंग गडद निळा, वास तीव्र, आणि खाली सही. बाईंच्या ध्यानात यायच्या आत साहेबाने अहवालाला जोडायला म्हणून बाटल्यांचा फोटो काढला. अहवाल एकोणीस पानांचा होता. त्यात सगळी पानं भरून हेच म्हटलं होतं की शहराचं स्वतःचं सांडपाणी केंद्र सहा वर्षं बंद पडलंय, ते आधी चालू करा, रंगाऱ्यांनी पाणी नेऊन टाकायचं तरी कुठे. अहवाल महिनाभर पडून राहिला; वर गेला तेव्हा ती एकोणीस पानं कुणी वाचली नाहीत, फोटो वाचला. ज्या शहराला सहा वर्षांत पंप दुरुस्त करायला एक माणूस सापडला नव्हता, त्याला चार दिवसांत अकरा घण सापडले. पथक आलं ते मारामारीच्याच दिवशी सकाळी, मागच्याच फाटकाने. बापाचा कारखाना आता धाकटा चालवायचा; तो हात जोडून म्हणत होता की हौदात सुताचा माल आहे, तासभर थांबा, उतरवून घेतो. ते थांबले नाहीत. पहिला हौद फोडला, दुसरा फोडला, पिवळा आणि हिरवा अंगणभर झाला, कामगार ओरडत गच्चीवर पळाले. तिसऱ्या हौदाखाली भट्टी चालू होती. घणाच्या चौथ्या दणक्याला त्याची भिंत फुटली आणि उकळता निळा रंग लोटत आला तो भट्टीवाल्या म्हाताऱ्याच्या अंगावर. बापाच्या वेळचा माणूस. त्याला गुडघ्यांमुळे पळता येत नव्हतं. मांड्यांपासून खाली कातडं सोलून निघालं, आणि आतलं मांस, बघणारे सांगत होते, निळं दिसत होतं.

तपासनीस घरी आला तेव्हा ऊन उतरलं होतं. बायकोने दार उघडलं, त्याच्या तोंडाकडे बघितलं, आणि म्हणाली की एकदाचा चेहऱ्याला रंग आला म्हणायचा. तिची थट्टा अशीच असायची, कोरडी, आणि ती करत असतानाच हात कामाला लागलेले असायचे. तिने फडकं भिजवलं, त्याला स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसवलं, नाक पुसलं. ओठ हलू नये इतका सुजला होता तरी तो बोलत राहिला. धाकट्याला कळायला हवं होतं, म्हणाला. खालच्या वस्तीत पोरांच्या पायांना फोड येतायत, ते त्या पाण्याने. खोटं आहे का? आपण नुसती नोंद केली. चौतीस वर्षांची सवय आहे हाताची, हात आपोआप चालतो. प्रयोगशाळेत सगळे त्याला नमुनेसाहेब म्हणत, चिडवायला, कारण गावभर साथ आलेली असताना सुद्धा हा माणूस बाटलीवर वेळ लिहिल्याशिवाय बूच लावायचा नाही. बायको ऐकत होती. ती दुपारी इस्पितळात म्हाताऱ्याला बघून आली होती, त्याबद्दल तिने काही सांगितलं नाही, एवढंच म्हणाली की तो सारखा विचारतोय हौदातला माल वाचला का. मग तिने फडकं पिळलं, तांबडं पाणी मोरीत गेलं, आणि पाठ वळवून तिने विचारलं, "सवय होती ना? मग आधीचे अकरा महिने नुसता आकडा कसा लिहिलात?"

ती म्हणाली ते खरं होतं आणि ते तिला ठाऊक होतं, कारण अकरा महिने त्या बाटल्या तिच्याच ओट्यावर ठेवलेल्या असायच्या, चार, चार, चार, नुसता चारचा आकडा. डोळ्यांवर फडकं दाबून तो ती सकाळ पुन्हा काढून बघायला लागला, नमुना उजेडाला धरून बघतात तशी. सव्वासात. गल्लीत कुणी नव्हतं. मागच्या फाटकाच्या खालून मोरी बाहेर येते तिथे तो उकिडवा बसला, बाटली बुडवली. फाटकाच्या दोन पत्र्यांमध्ये बोटभर फट आहे, ती लहानपणापासून आहे. आत अंगणात बापाची लाकडी चौकी मांडलेली, तिच्यावर भट्टीवाला म्हातारा बसलेला, पाय पुढे पसरून, आणि धाकटा जमिनीवर मांडी घालून त्याच्या गुडघ्यांना तेल चोळत होता. दोन्ही हातांनी, दाबून, काहीतरी बोलत, आणि म्हातारा हसत होता, कामगार हसत होते. एवढंच. तपासनीस उठला, गल्लीच्या टोकाला आला, भिंतीला बाटली टेकवली, खिशातून चिठ्ठी काढली. हात आपोआप चालला म्हणतो, खोटं आहे. हात अगदी स्थिर होता. फाटक लिहिताना त्याने मागचं हा शब्द आधी विसरून मग वर बारीक अक्षरात घातला होता, म्हणजे पथकाला शोधायला त्रास नको.

तेल. बाप मारायचा तो सुताच्या ओल्या लडीने. हौदातून काढलेली लडी दोन पीळ देऊन घट्ट करायची आणि पाठीवर ओढायची. आवाज ओल्या धुण्याचा यायचा, रक्त यायचं नाही, वळ मात्र यायचा आणि त्या वळावर त्या दिवसाचा रंग चढायचा. धाकट्याच्या पाठीवर पावसाळाभर हिरवे पट्टे असत, लग्नसराईत लाल. मारायच्या आधी बाप थोरल्याला बोलवायचा. तू सांग, तू खोटं बोलत नाहीस. आणि थोरला सांगायचा. दुपारी, मागच्या हौदापाशी, दगड टाकला, दोनदा. वेळेसकट, जागेसकट, आठ-नऊ वर्षांचं पोर. बाप मान हलवायचा आणि लडी उचलायचा. धाकटा ओरडायचा नाही, दातओठ खाऊन उभा राहायचा, आणि सगळा वेळ थोरल्याकडे बघत असायचा, बापाकडे नाही. पण खरी गोष्ट त्याच्या पुढची होती. संध्याकाळी बाप शिव्या देत देत वाटीत तेल गरम करायचा, धाकट्याला मांडीवर पालथा घ्यायचा आणि तासभर त्याची पाठ चोळत बसायचा. पुटपुटायचा, मेल्या कशाला करतोस असलं, कशाला मला राक्षस करतोस. दिव्याच्या दुसऱ्या बाजूला थोरला पुस्तक घेऊन बसलेला. त्याच्या पाठीला कधी कुणी हात लावला नाही. हुशार पोर, गुणी पोर, त्याला काय चोळायचं.

अकरा वर्षांचा असताना एकदा त्याने लाल रंगाचं भांडं उचलून पिवळ्या हौदात ओतलं. मुद्दाम, दोन्ही हातांनी. सबंध हौद नासला, त्या महिन्याचं सगळं काम पाण्यात गेलं. बाप आला तेव्हा तो स्वतःच पुढे झाला आणि म्हणाला की मी केलं. आतून त्याला बरं वाटत होतं, आता पाठ उघडी करायची, आता ती लडी, आणि मग संध्याकाळ. बापाने त्याच्याकडे बघितलं, त्याच्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाला, धाकट्याला पाठीशी घालतोस होय. मग धाकट्याला हौदामागून केसांना धरून काढलं. इतकं त्याला आधी कधी मारलं नव्हतं आणि नंतरही नाही. लडी तुटली तेव्हा हाताने मारलं, हात दुखायला लागला तेव्हा लाथेने, आणि भट्टीवाल्याने मध्ये पडून बापाला मिठी मारली म्हणून पोर वाचलं. थोरला तिथेच उभा होता. मी केलं हे त्याने दुसऱ्यांदा सांगितलं नाही. एकदा सांगितलं होतं, ते खरं होतं, झालं. पुढे तो शिकला, नोकरीला लागला, कुणाच्या अध्यात ना मध्यात, आणि कारखाना धाकट्याकडे गेला, मरताना बापाने हाकही त्याचीच मारली. या सगळ्याचा राग त्याला कधी आला नव्हता असं तो धरून चालला होता. ओठ सुजलेला, दात हलतोय, स्टुलावर बसून त्याने स्वतःची मूठ वळून बघितली. पांढरी, स्वच्छ, मऊ, कधीही कुणावर न आपटलेली मूठ. ती आपटायला काय काय लागतं याचा त्याला काही अंदाज नव्हता.

सकाळी अध्यक्षबाई घरी आल्या. त्यांनी रात्रभर जागून जबानीचा मसुदा तयार केला होता, शाळेच्या पेपरासारखा, समास सोडून. साहेबाने कालच तक्रार दिली होती की कचेरीच्या कामात असलेल्या मंडळावर हल्ला झाला. धाकटा पोलीस चौकीत होता. आता फक्त मार खाल्लेल्या माणसाने सांगायचं होतं की हल्ला मंडळाच्या कामामुळेच झाला. बाई इकडची तिकडची प्रस्तावना करणाऱ्यातल्या नव्हत्या. त्या म्हणाल्या, चिठ्ठीबद्दल मी तुम्हाला कधीही माफ करणार नाही, नियम मोडलात, म्हाताऱ्याचे पाय गेले. पण आता झालेल्या गोष्टीचा उपयोग तरी होऊ दे. दोन वर्षं हे लोक आपल्याला हसतायत. सल्ला देणाऱ्याचं रक्त सांडलं तेव्हा कुठे वर्तमानपत्रवाले आले, गुरुवारच्या सभेत सांडपाणी केंद्राचा ठराव घेतो म्हणून साहेब स्वतः सांगून गेला. हल्ला म्हणून नोंद झाली तर त्यांना तो ठराव टाळता येणार नाही. घरगुती भांडण म्हणून मिटलं तर सगळं बारगळलं, आणि तुमची बाटलीसुद्धा भाऊबंदकीत गेली. मग खालच्या वस्तीतल्या पोरांनी त्याच पाण्यातून शाळेत जायचं. तपासनिसाने मसुदा वाचला. नीट, दोनदा. एकही शब्द खोटा नव्हता. वेळ होती, जागा होती, किती वेळा आपटलं तेही होतं. त्याने विचारलं की भावाला किती होईल. बाई खिडकीकडे बघत म्हणाल्या की दोन वर्षं, कदाचित तीन. बायको ओट्याशी भाजी चिरत होती. सुरीचा आवाज थांबला, मग पुन्हा सुरू झाला.

चौकीपर्यंतचा रस्ता वीस मिनिटांचा, ते दोघं चालत गेले. तपासनिसाच्या डोक्यात रस्ताभर घण पडत होते. त्याला वाटत होतं की आपण चौकीत जायचं आणि खरं सांगायचं, ज्याला आपण उभं आयुष्य सरळ चालणं म्हणत आलो ते आणखी एकदा करायचं, आणि तिकडे भिंतीआड कुणीतरी आपल्या वाट्याची लडी उचलेल. आजवर असंच झालं. त्याचं खरं आणि दुसऱ्याची पाठ. चौकाजवळ एका माणसाने कुत्र्याला लाथ घातली, कुत्रं केकाटलं, आणि तपासनिसाचं अंग असं थरारलं की त्याला भिंतीला धरून उभं राहावं लागलं. बाईंनी विचारलं, चक्कर येते का. तो नाही म्हणाला. चक्कर नव्हतीच. त्याला त्या माणसाला धरून त्याचं तोंड भिंतीवर घासावंसं वाटलं होतं, रंग निघेपर्यंत, आणि ही इच्छा कुठून आली याचं त्याला नवल वाटत राहिलं. मग त्याने ठरवून टाकलं आणि तो ताठ चालायला लागला. खोटं बोलायचं. बासष्टाव्या वर्षी एकदा, भावासाठी, गुरुवार गेला खड्ड्यात.

चौकीतल्या खोलीत एक टेबल, भिंतीला लागून बाकडं, आणि बाकड्यावर धाकटा. हात अजून तसेच निळे. रात्रभर त्याला कुणी धुवायला पाणी दिलं नव्हतं की त्याने मागितलं नव्हतं कोण जाणे. त्याने मान वर करून थोरल्याच्या तोंडाकडे बघितलं, सूज बघितली, आणि लगेच दुसरीकडे बघायला लागला. फौजदार वैतागलेला माणूस होता, समोर दोन फायली आणि गार झालेला चहा. त्याने सरळ सांगितलं की हे बघा, कचेरीच्या कामावरून हल्ला असेल तर हे गेले आत, दोन वर्षं. भावाभावांचं भांडण असेल तर दोघांनाही दम देतो, सही घेतो, घरी जा. काय होतं ते तुम्ही सांगा. बाई दाराशी उभ्या होत्या, मसुद्याची घडी हातात.

तपासनिसाने तोंड उघडलं आणि त्याचा आवाज त्याला ओळखू येईना. "घरचं भांडण आहे. दोघांनीही हात उचलला."

फौजदाराने त्याच्याकडे बघितलं, मग बाकड्याकडे. उठून गेला, धाकट्याची हनुवटी धरून तोंड इकडून तिकडे फिरवलं, सदरा वर करून पाठ बघितली. पाठीवर फार जुने, पुसट पट्टे होते, ते त्याने मोजले नाहीत. परत येऊन बसला. "तुमचं थोबाड रंगवलंय. यांच्या अंगावर साधा ओरखडा नाही," तो म्हणाला. "तुम्ही मारलंत ते कुठे?" आवाजात थट्टा होती. त्याला कळलं होतं, आणि तो खोटं लिहून घ्यायला तयार नव्हता. कचेरीतल्या साहेबाची तक्रार, उद्या वर्तमानपत्रात, त्याची नोकरी. काही दाखवा तरी, म्हणाला.

तपासनीस बाकड्यापाशी गेला. खोटं बोलता येत नव्हतं तर ते खरं करून टाकायचं, एवढं साधं त्याला सुचलं होतं. धाकट्याने त्याच्याकडे बघितलं आणि काय होणार ते त्याला त्याच्याही आधी समजलं, कारण त्याने हात मांडीवरून काढून बाकड्याखाली नेले. तपासनिसाने मारलं. लागलं न लागलं; नवशिक्याची चापट, बोटांच्या टोकांनी. मागे दाराजवळच्या शिपायांपैकी कुणीतरी हसलं. त्याने पुन्हा मारलं, ही बरी बसली, गालावर बोटं उमटली, आणि फौजदार म्हणाला, बास, पुरे, लिहून घेतो. काम झालं होतं. भाऊ सुटला होता.

तिसरी त्याने कुणासाठी मारली ते त्याला सांगता आलं नसतं. ती खांद्यातून आली. चौथी मुठीने, नाकावर, आणि हाडाचा आवाज झाला तेव्हा त्याच्या पोटात काहीतरी सैल सुटलं, गोड, ऊनऊन, आणि मग त्याने दोन्ही हातांनी घातली. मिळालेल्या तेलासाठी, मारलेल्या हाकेसाठी, त्या पिवळ्या हौदासाठी, गप्प उभं राहून बघणाऱ्या त्या डोळ्यांसाठी. तोंडाने तो काहीतरी ओरडत होता. बाईंना ते ऐकू आलं, मी केलं, मी केलं, एवढंच होतं. धाकट्याचं डोकं भिंतीवर आपटत होतं आणि त्याने एकदाही हात बाकड्याखालून काढले नाहीत. दोन शिपायांनी तपासनिसाला मागून कवेत धरलं आणि ओढलं, एकाच्या पोटरीवर त्याने लाथ मारली, चष्मा कुठेतरी पायाखाली गेला. बाई दाराशी दोन्ही हात तोंडावर ठेवून उभ्या होत्या. मसुदा खाली पडला होता.

धाकट्याने बाहीने तोंड पुसलं. उसवलेली बाही लाल झाली. नाकातून धार चालू होती, ती तशीच ठेवून त्याने फौजदाराकडे बघितलं.

"लिहून घ्या साहेब," तो म्हणाला. "घरचंच भांडण आहे. फार जुनं."

फौजदार खाली बसला आणि लिहायला लागला. शिपायांनी तपासनिसाचे हात पाठीमागे धरून ठेवले होते. मघापासून एकजण त्याला विचारत होता, झालं का, शांत झालात का, सोडू का. त्याने मान हलवून नको म्हटलं. सोडलं असतं तर त्याने पुन्हा मारलं असतं.